कोमटमावशी

तिची माझी पहिली ओळख पोस्टाच्या रांगेत झाली, आणि तीही पाठीमागून. सकाळी मला उशीर झाला होता. न्हाऊन तशीच केसांचा अंबाडा बांधून, पेन्शनच्या कामासाठी मी रांगेत जाऊन उभी राहिले होते. तेवढ्यात मानेमागून आवाज आला.

"बाई, केस ओलेच बांधलेत तुम्ही."

तेहतीस वर्षे मी मुलांच्या बाकांमागून फिरले. वह्यांत डोकावून 'समास सोडला नाहीस', 'तारीख कुठाय?' असे म्हणत आले. माझ्या मागे उभे राहून कोणी माझी चूक काढण्याचा प्रसंग मात्र पहिलाच. मी चांगलीच रागाने वळले. साधारण पंचेचाळिशीची एक बुटकी बाई, हातात रजिस्टर्ड पत्र, आणि नजर माझ्या चेहऱ्याकडे नाही तर अजून माझ्या कानामागेच.

"मग?" मी म्हणाले.

"मग काही नाही. ओला केस ताणला की तुटतो. हे बघा, अंबाड्याच्या कडेनं बारीक बारीक उभे राहिलेत. तुम्हाला वाटत असेल नवे उगवले. नवे नाहीत ते, तुटके आहेत."

रांगेतले तिघेचौघे माझ्या मानेचा अभ्यास करू लागले. मी पुढे वळले आणि खिडकी येईपर्यंत मागे पाहिले नाही. घरी आल्यावर मात्र दोन आरसे समोरासमोर धरून पाहिले. तुटकेच होते.

दोन महिन्यांनी न्हाणीघरात पाय घसरून माझे उजवे मनगट मोडले. प्लास्टर चढले. एका हाताने सगळे जमते, भांडी घासता येतात, पेपर उलगडता येतो, पण केस धुता येत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीने नाक मुरडले आणि मला नाक्यावरच्या पार्लरमध्ये नेऊन बसवले. औषधांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेले की दोन खोल्या. पुढच्या खोलीत आरसे आणि खुर्च्या. मागच्या खोलीत मान टेकवायला खाच असलेले एक बेसिन, एक गीझर, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. त्या मागच्या खोलीतून कोणीतरी ओरडत होते.

"कोमट! कोमट म्हणजे कोमट. हे चहाचं आधण आहे. माझ्या हातावर घाल आधी, मग कळेल."

पडदा सरकवून पाहते तर रांगेतली बाई. तिने माझ्याकडे पाहिले, प्लास्टरकडे पाहिले, मग अर्थातच केसांकडे.

"या, बाई," ती म्हणाली. "आता तरी बांधणार नाही ना ओले? बांधायला हातच नाही."

"रांगेत तुम्ही मला 'बाई' म्हणालात. मी शिक्षिका आहे हे तुम्हाला तेव्हा कसं कळलं?" बेसिनमध्ये मान टेकवताना मी विचारले.

"पुढच्या माणसाला 'रांग मोडू नका, सरळ उभे राहा' म्हणालात. आणि तो राहिलासुद्धा."

पार्लरमधल्या मुली तिला कोमटमावशी म्हणत. पाणी कोमट असल्याशिवाय ती कोणाच्या डोक्याला हात लावत नसे, आणि कोमट कशाला म्हणायचे हे तिच्या डाव्या मनगटाची आतली बाजू ठरवायची. वयाने ती माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, तरी मीही तिला मावशीच म्हणू लागले. तिने दुसऱ्याच खेपेला मला 'तुम्ही' म्हणायची बंदी केली. "मावशी म्हणा आणि तू म्हणा. दोन्ही जमतं, मुलींना जमतं की."

तिच्या हाताखाली मी पहिल्यांदा डोके दिले तेव्हा मला जाणवला तो तिच्या कामातला क्रम. चांगला धडा शिकवताना असतो तसा क्रम. आधी नुसते पाणी, मिनिटभर, केसांच्या मुळापर्यंत पोहोचेतो. मग शाम्पू, तोही थेट डोक्यावर नाही, तळहातावर पाण्यात कालवून. तो फक्त डोक्याच्या कातडीला, बोटांच्या पेरांनी. नखे तिने कधी लावली नाहीत. लांब केसांना शाम्पू चोळायचाच नाही, वरून वाहत येणारा फेस त्यांना पुरे. मग केस मुठीत धरून, न पिळता, नुसते दाबून पाणी काढायचे, आणि कानाच्या खालच्या केसांना कंडिशनर. वर नाही. "वर तुमचं स्वतःचं तेल येतंय. टोकाला ते पोहोचत नाही, म्हणून टोकाला द्यायचं." मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर यायचे, आणि शेवटी पाणी थोडे गार. टॉवेलने खसाखसा पुसणे तिच्या लेखी मारहाणीत जमा होते. एक जुना मऊ सुती सदरा ती केसांभोवती गुंडाळून ठेवायची.

"कशानं पोसायचे केस?" मी एकदा विचारले. वर्तमानपत्रात त्याबद्दल काहीतरी वाचले होते.

"पोसता येत नाहीत, बाई. बाहेर आलेला केस मेलेलाच असतो. मेलेल्याला खाऊ घालता येतं का? सांभाळता येतं फक्त. एक सांगू? महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो. म्हणजे तुमच्या पाठीवर जे टोक आहे ना, ते तीन वर्षांपूर्वी निघालंय डोक्यातून. तीन वर्षांचं ऊन, उशी, कंगवा, सगळं त्यानं खाल्लंय. आणि तुम्ही त्याला काल उगवल्यासारखं वागवता."

मी तीन वर्षे मोजून पाहिली. शाळेतला माझा शेवटचा दिवस त्या टोकात येत होता. बेसिनमध्ये डोके टाकून पडलेल्या माणसाला असले विचार करायला वेळ भरपूर असतो.

प्लास्टर निघाले तरी मी जातच राहिले. हळूहळू तिची माहिती कळत गेली. नवरा कारखान्यात लेथवर, कमी बोलणारा. एक मुलगी, ती दुसऱ्या गावी शिकत होती. या बेसिनवर तिला अकरा वर्षे झाली होती आणि तिचे काम एवढेच होते: धुणे. कापणे, रंगवणे, सरळ करणे हे पुढच्या खोलीतले, प्रमाणपत्रवाल्या मुलींचे काम. तिने डोके धुवून टॉवेलात गुंडाळून पुढे पाठवायचे. परिणाम तिला दिसतच नसे.

"तुला कधी वाटलं नाही कापायला शिकावं?" मी विचारले.

"कात्री नको मला," ती पटकन म्हणाली. "कात्रीनं एकदा वाटोळं केलंय माझं." आणि पाणी सुरू केले, म्हणजे मला ऐकू येऊ नये आणि मी पुढे विचारू नये.

अशी दीड वर्षे गेली. मग माझ्या ताईला झटका आला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन बसथांबे पलीकडे मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे राहते. उजवी बाजू लुळी पडली, आणि वाचा गेली ती दोन शब्द सोडून. 'हो' आणि 'दे'. भूक लागली तरी 'दे', खिडकी बंद हवी तरी 'दे', भाच्याचा राग आला तरी 'दे', फक्त जरा मोठ्याने. सात आठवडे ती दवाखान्यात होती. तिथे सगळे नीट झाले. औषधे वेळेवर, कूस बदलणे वेळेवर. केसांकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, माझेही नाही. जीव वाचतो की नाही असे दिवस होते, तेव्हा केसांचे काय घेऊन बसायचे?

आणि ताईचे केस म्हणजे काय होते ते सांगायला हवे. कमरेखाली जाणारी वेणी. शेवटी शेवटी पांढरी झाली, पण जाड होती. ताईचा खांदा धरला होता, हात मागे जात नसे, म्हणून शेवटची काही वर्षे ही वेणी भाऊजी घालून देत. रोज सकाळी, चहाच्या आधी. ते नळजोडणीचे काम करीत. त्यांची बोटे पान्यांना सरावलेली, त्यामुळे वेणी नेहमी डावीकडे झुकलेली. आम्ही हसायचो. ताई म्हणायची, "गळत तर नाही ना? मग झालं." भाऊजींना जाऊन चार वर्षे झाली होती.

घरी आणल्यावर ताईची मान उचलून पाहिली तेव्हा ते दिसले. उशीवर घासून घासून मानेमागचे सगळे केस एकात एक गेले होते. पक्ष्याचे घरटे असावे तसा गुंता. वेणीचे शेंडे त्यातून एका बाजूने बाहेर लोंबत होते.

तेव्हा मी जे केले ते सांगताना अजूनही लाज वाटते. कोमटमावशीला विचारायचे सुचले नाही. वाटले, यात विचारायचे काय? आधी स्वच्छ करू, मग विंचरू. कोणालाही सुचेल असाच तो विचार होता. भाचा कामावर गेला होता, नर्स दुपारी येणार होती. मी चांगले कढत पाणी घेतले, सात आठवड्यांचा मळ म्हणून शाम्पू भरपूर घेतला आणि सगळे केस डोक्यावर गोळा करून, फेस काढून काढून चोळले. ताई 'दे, दे' म्हणत होती. मला वाटले तिला बरे वाटते आहे.

वाळल्यावर तो गुंता अर्ध्याहून लहान झाला होता. मला आनंद झाला. मग हात लावून पाहिला. आकसून, दाबून बसलेल्या लोकरीसारखा घट्ट झाला होता. कंगव्याचा दात आत शिरेना.

गुरुवारी नर्सने पाहिले आणि भाच्याला सांगितले, "हे काढून टाकावं लागेल. खाली हवा लागत नाही, कातडी ओली राहते. जखम झाली तर दुसरं दुखणं मागे लागेल." ती वाईट बाई नव्हती, आणि ती म्हणत होती ते खरेच होते. भाचा म्हणाला, "मावशी, केस काय, परत येतील. सोमवारी न्हाव्याला बोलावतो. एकदा मशीन फिरवली की आईला पण हलकं वाटेल."

ताई पलंगावर ऐकत होती. माणूस बोलत नसला की त्याच्या समोर लोक काहीही बोलतात. तिचा डावा हात, चालणारा, सावकाश वर आला आणि तिने तो डोक्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून धरला. भाच्याने तो हळूच खाली घेतला. तिने परत वर नेला.

परत येतील. मी मनात हिशेब केला. महिन्याला अर्धे पेर. ताईचे वय एकाहत्तर. आणि परत आले तरी ते दुसरे येणार होते. त्या वेणीची शेवटची वीतभर लांबी भाऊजी असतानाची होती. त्यांच्या बोटांतून ती रोज सकाळी गेलेली होती. हे मी भाच्याला कसे सांगणार? तो म्हणाला असता, मावशी, तुम्ही पण ना.

शुक्रवारी मी पार्लरचा जिना चढले. कोमटमावशीने हातातले डोके पुरे केले, टॉवेल गुंडाळला, आणि मग मला म्हणाली, "बोला."

मी सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला.

"पाणी लावलंत का त्याला?"

मी मान खाली घातली. तेहतीस वर्षे ज्या मान खाली घालणाऱ्या मुलांकडे पाहिले, ती सगळी मला त्या क्षणी आठवली.

"कढत?"

"हो."

"चोळलंत?"

"हो."

तिने एप्रन काढला नाही, खुर्चीवर बसली तशीच. रागावली नाही. म्हणाली, "मी पण तेच केलं होतं. संध्याकाळी येते बघायला."

मालकीणबाईंकडे तिने शनिवार-रविवारची सुट्टी मागितली तेव्हा मी पुढच्या खोलीत उभी होते. मालकीणबाई आरशात बघूनच म्हणाल्या, "शनिवारी? शनिवारी या पार्लरात मेलेला माणूससुद्धा सुट्टी मागत नाही."

"मी अजून जिवंत आहे, म्हणून मागते," कोमटमावशी म्हणाली. "सोमवारी येते."

"सोमवारी येशील तेव्हा बघू, तुझं बेसिन आहे का ते."

संध्याकाळी ती ताईच्या उशाशी बसली. तिने आधी गुंत्याला हात लावला नाही. ताईसमोर आली, वाकली आणि म्हणाली, "ताई, मी केस धुणारी. तुमच्या बहिणीचे धुते. बघू का?" ताईने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "हो," ताई म्हणाली.

गुंता बोटांनी चाचपून ती मला बाहेर घेऊन आली. "वरचा निघेल. कानामागचा निघेल. अगदी मधला गड्डा आहे, त्याचं सांगता येत नाही. दोन दिवस लागतील. दोन दिवस पाण्याचा थेंब लावायचा नाही. उलटं करायचं. आधी कंडिशनर, मग कंगवा, आणि पाणी सगळ्यात शेवटी."

शनिवारी दुपारी ती एक मोठी बाटली, दोन कंगवे आणि एक जाड सुई घेऊन आली. सुईचे टोक तिने घासून बोथट केलेले होते. कोरड्या गुंत्यात तिने कंडिशनर जिरवला, बोटाबोटाने, वरून नाही तर कडेने. अर्धा तास नुसती बसून राहिली. मग एका कडेने चार-पाच केस सुईने उचकटून वेगळे केले.

"बाई, तुम्ही मुळाशी धरा. घट्ट. ओढ तुमच्या बोटांना बसली पाहिजे, त्यांच्या डोक्याला नाही."

मी धरून बसले. ती टोकाकडून सोडवत वर वर येत होती. दर वेळी दहाबारा केस मोकळे व्हायचे, ते ती बाजूला सैलसर पेडात बांधून ठेवायची, पुन्हा गुंत्यात जाऊ नयेत म्हणून. तासाला करंगळीएवढा पेड. ताई कुशीवर पडून भिंतीकडे पाहत होती. मधून मधून झोपत होती.

दुसऱ्या तासात, मान वर न करता, तिने मला ते सांगितले.

"नणंदेचं लग्न ठरलं होतं. महिना राहिला होता. तिला ताप आला, वीस दिवस उठली नाही. केसांचं असंच झालं. मी नवी नवरी, सासरी चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. म्हटलं, वहिनी धुवून देते. गरम पाणी, साबण, चोळ चोळ चोळलं. मग बसलं घट्ट. मग घाबरले आणि ओढलं. मग कात्री घेतली. तिला विचारलं नाही. म्हटलं, मोकळं करून टाकू, वाईट वाटेल पण होईल मोकळं." तिने एक पेड बांधला. "कानापर्यंत. पुढचा महिना आरशाला कापड घालून ठेवलं होतं तिनं. लग्न झालं. पण एकोणीस वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. घरी येते, भावाशी बोलते, माझ्या मुलीशी बोलते. मी चहा ठेवला की कप उचलून 'कोणी ठेवला?' विचारते."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? चहा कोमट व्हायच्या आत प्या म्हणते."

दोघीही हसलो. ताईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसली असावी, खांदा हलला.

रविवारी ती सकाळी नऊलाच आली. दुपारपर्यंत दोन्ही कानांमागचे केस सुटले. चारच्या सुमाराला वेणीचे लांब केस पूर्ण मोकळे झाले, अखंड, कमरेखालपर्यंत. मी ते हातात धरून बसले. मानेच्या मधोमध मात्र एक गड्डा राहिला, अक्रोडाएवढा. सुई आत जाईना. तिने त्याच्यावर तासभर घालवला. मग हात पुसले.

भाचा दारात उभा होता. "एवढंच राहिलं? मग कापा की."

कोमटमावशी त्याच्याशी बोलली नाही. ती पलंगाला वळसा घालून ताईसमोर गेली. घरातला एक आरसा तिने मला ताईच्या मागे धरायला लावला, दुसरा स्वतः पुढे धरला, मी पोस्टातून आल्यावर धरले होते तसे. "ताई, हा बघा. एवढा एक राहिलाय. माझ्या हातून निघत नाही. बाकीचे सगळे आहेत, हे बघा, लांब आहेत तसेच. हा एवढा कापू का?"

ताई पाहत राहिली. डावा हात वर आला. या वेळी तो डोक्यावर नाही, मानेमागे गेला. गड्डा चाचपला. मग बाजूने खाली सरकला आणि लांब केसांच्या टोकापर्यंत गेला. टोक बोटांत धरून ती थांबली. आम्हीही थांबलो. भाच्यानेसुद्धा, शाबास त्याची, तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटते, गेल्या दोन महिन्यांत ताईला कोणी काही विचारले आणि उत्तराची वाट पाहिली, असे ते पहिल्यांदाच घडत होते.

"हो," ताई म्हणाली.

"कात्री आहे का घरात?" कोमटमावशीने विचारले. भाच्याने स्वयंपाकघरातली आणून दिली. तिने ती हातात घेतली. डाव्या हाताने उजवे मनगट धरून ठेवले तिने घटकाभर. मग एकेका बाजूने, चिमटीत येतील तेवढेच केस, असा तो गड्डा मोकळा केला आणि तळहातावर घेतला. ताईला दाखवला. ताईने तोंड फिरवले.

"तेवढा का नाही सुटला?" भाचा सहज म्हणाला.

मी तोंड उघडले. त्याआधीच ती म्हणाली, "एवढं राहतंच. सात आठवडे म्हणजे कमी नाही." आणि कंगवा पुसू लागली. खोटे बोललेले मला कधी खपले नाही, वर्गात तर नाहीच. त्या दिवशी मी गप्प बसले.

मग पाणी. प्लास्टिकच्या चादरीच्या दोन्ही कडा तिने गुंडाळून त्यांची पन्हळ केली. तिचे एक टोक ताईच्या मानेखाली, दुसरे जमिनीवरच्या बादलीत. मानेखाली टॉवेलची गुंडाळी. भाचा पाणी घेऊन आला. तिने मनगट पुढे केले.

"कढत आहे."

तो गेला, गार घालून आला.

"आता गार झालं."

"अहो, पाणी आहे की औषध?"

"तुमच्या आईच्या डोक्यावर घालायचंय. तुमच्या मोटरसायकलवर नाही."

तिसऱ्या खेपेला कोमट जमले. तिने मगाने धार सोडली. पेरांनी, घाई न करता, डोक्याची सगळी कातडी स्वच्छ केली. बादलीत आधी काळपट पाणी आले, मग राखाडी, मग स्वच्छ. ताईचे डोळे मिटले. लुळ्या बाजूचा गाल सैल पडला आणि चालणारा गालही तसाच सैल झाला, त्यामुळे दोन महिन्यांत प्रथमच दोन्ही गाल सारखे दिसले.

केस वाळल्यावर तिने वेणी घातली. पाठीवर नाही, डाव्या खांद्यावरून पुढे, म्हणजे उशीखाली चिरडणार नाही. पूर्वीपेक्षा बारीक होती, लांबी तेवढीच. "सैल घालते. रात्रभर राहिली पाहिजे, रुतली नाही पाहिजे," ती म्हणाली. ताईने हात पुढे केला.

"दे."

कोमटमावशीने वेणीचे टोक तिच्या हातात दिले. ताई ते धरूनच झोपली.

सोमवारी न्हावी आला, त्याला भाच्याने दारातूनच चहा देऊन परत पाठवले.

पुढच्या आठवड्यात मी ताईला खरे सांगितले. कढत पाण्याचे, चोळण्याचे, तो गड्डा माझ्यामुळे झाला होता याचे. घरात कोणी नव्हते. ताईने माझ्याकडे अगदी मोठ्या बहिणीच्या नजरेने पाहिले. "हो," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरावरून मला कळले की तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तेव्हा ती 'दे, दे' म्हणत होती ते बरे वाटत होते म्हणून नव्हे.

पार्लरमधले बेसिन सोमवारी जागेवर होते. मालकीणबाईंनी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी तिलाच स्वतःचे डोके धुवायला सांगितले. पण तोवर नर्सने आपल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या घरी कोमटमावशीचे नाव सांगितले होते. तिथून तिसरे घर निघाले. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या डोक्यावर पंचवीसच केस होते. त्यांच्यासाठीही तिने पाणी तीनदा बदलायला लावले. सहा महिने तिने दोन्ही केले, मग एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "एकच काय ते ठरव." ती माझ्याकडे विचारायला आली. मी म्हटले, "मला कशाला विचारतेस, तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "तिथे डोकं पुढच्या खोलीत जातं. इथे मी सुकेपर्यंत बसते."

आता ती नऊ घरी जाते. पिशवीत घडी केलेली प्लास्टिकची चादर, दोन कंगवे, बोथट सुई, जुने सुती सदरे, आणि गोल टोकांची एक छोटी कात्री. कात्री काढायची वेळ आलीच तर पडलेल्या माणसाला आधी आरसा दाखवते आणि उत्तर येईतो बसून राहते. नणंद अजून बोलत नाही. गुरुवारी साडेदहाला ती ताईकडे असते.